अनुकूली संख्यात्मक पद्धती : दौंड परिसरातील भीमेच्या पूरगणिताच्या संदर्भात

प्रस्तावना :
शिरूरजवळून घोड व दौंडजवळून भीमा वाहते. मुळा-मुठेचे पाणीही भीमेतून दौंडमार्गे उजनी जलाशयात जाते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा तो लोंढाही याच नदीमार्गाने उतरला. एरवी संथ असणारा प्रवाह विसर्ग वाढताच झपाट्याने बदलतो. अशा नदीचे गणित एकाच ठराविक कालांतराने करावे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ठराविक पायरीची मर्यादा :
साठ्यातील बदल म्हणजे आवक वजा जावक. आवक शून्य आणि जावकीचा दर ताशी साठ्याच्या निम्मा मानल्यास एका तासानंतर मूळ साठ्याचा 0.607 भाग उरतो. ऑयलर पद्धतीने 1 तासाची पायरी घेतल्यास उत्तर 0.5 येते, तर 6 मिनिटांच्या दहा पायऱ्यांनी 0.599 येते. 6 तासांची एकच पायरी घेतल्यास साठा चक्क उणे दुप्पट होतो! उलट, सर्वत्र सूक्ष्म पायरी घेतल्यास संथ काळात गणनश्रम वाया जातात.

अनुकूली पायरी :
चतुर्थ कोटीच्या रुंगे-कुट्टा पद्धतीत तेच अंतर एकदा एका पायरीत व पुन्हा दोन अर्ध्या पायऱ्यांत सोडवावे. दोन्ही उत्तरांतील फरकाचा पंधरावा भाग हा दुसऱ्या उत्तरातील त्रुटीचा अंदाज होय. एका पायरीतील त्रुटी पायरीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणून ती अनुज्ञेय मर्यादेच्या 32 पट आढळल्यास पायरी निम्मी करून गणन पुन्हा करावे. त्रुटी अत्यल्प असल्यास पायरी वाढवावी. फेलबर्ग यांनी 1969 मध्ये हाच अंदाज प्रत्येक पायरीस केवळ सहा फलमूल्ये काढून मिळविला.

इष्टतमीकरण :
नोंदींवरून नदीचे प्राचल ठरवितानाही हेच तत्त्व लागू पडते. लेव्हेनबर्ग (1944) व मार्क्वार्ट (1963) यांच्या पद्धतीत त्रुटिवर्गांची बेरीज घटल्यास अवमंदन कमी करतात. वाढल्यास ती पायरी नाकारून अवमंदन वाढवितात.

निष्कर्ष :
अनुकूली पद्धती केवळ गणनातील त्रुटी आवरते. चुकीची जलपातळी ती दुरुस्त करीत नाही. तथापि पुराचा इशारा वेळेत व विश्वसनीय मिळाला, तरच काठावरील शेतकऱ्याला पात्रातील विद्युतपंप हलविता येतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वहीत उत्तराबरोबरच त्रुटीचा अंदाज आणि नाकारलेल्या पायऱ्यांची संख्या नोंदविण्याचा आग्रह अध्यापकांनी धरावा.