पाणबुड्याची उजळणी

पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहण्याला ‘स्कूबा’ म्हणतात. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात ही मंडळी हल्ली हंगामभर दिसतात. शिकताना त्यांना दोन विद्या घ्याव्या लागतात: आपण सुखरूप वर येणे आणि सोबत्याला वाचवणे. पहिली रोज लागते. दुसरी, सुदैवाने, वर्षानुवर्षे लागत नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

तुम्ही म्हणाल, एकदा पोहायला शिकलेला मनुष्य पोहणे विसरतो थोडाच! खरे आहे. पण पोहणे हजार वेळा घटवलेले असते. छाती दाबणे आणि श्वास देणे हे रबरी पुतळ्यावर दोन दिवसांत शिकलेले. तीन ते सहा महिन्यांतच हात चुकू लागतात, असे तपासण्यांत पुनःपुन्हा आढळले आहे. डोक्यातली माहिती त्याहून अधिक टिकते, म्हणून ‘मला येते’ हा भरवसाही टिकतो. शिक्षकमंडळींना हे नवे नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकोणतिसाचा पाढा म्हणायला सांगून पाहा.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा श्वास कोंडून वर आणली, तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून सोबत्याची हवा संपली की आपली जादा नळी त्याच्या तोंडात द्यायची, त्याला धरायचे आणि दोघांनी श्वास चालू ठेवून सावकाश वर यायचे. वर येताच त्याचे जाकीट फुगवायचे, वजनाचा पट्टा सोडायचा. हे बक्कल रोजच्या सवयीचे नसते. बोटांना ते चाचपावे लागते.

तो बेशुद्ध असून श्वास घेत नसेल, तर बाहेर काढताच आधी श्वास द्यायचे, कारण बुडालेल्याचे हृदय हवेवाचून थांबते. मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असे आळीपाळीने. गती मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटिमीटर. तोवर दुसऱ्याने १०८ला फोन करावा. पोट दाबून पाणी काढण्यात किंवा उलटे धरण्यात वेळ दवडू नये. विहिरीतून काढलेल्या पोरालाही हेच लागू. शुद्धीवर असलेल्या पाणबुड्याचे सांधे दुखू लागले, हातपाय बधिर झाले, तर त्याला आडवे निजवून शुद्ध प्राणवायू द्यावा आणि ‘आता बरे वाटते’ म्हणाला तरी दवाखान्यात न्यावे.

प्रमाणपत्राची उजळणी बहुधा दोन वर्षांनी सांगितलेली असते. माझ्या मते ही मुदत फार लांबची. दोन-तीन महिन्यांनी पाव तास द्यावा, आणि पावसाळ्यानंतर हंगाम उघडतो तो दिवस तर चुकवूच नये. कमरेइतक्या पाण्यात सोबत्याने बेशुद्धाचे सोंग घ्यावे. पुढच्या खेपेस अदलाबदल. छाती दाबण्याचा सराव मात्र पुतळ्यावरच, जिवंत माणसावर कधीही नाही. पुतळा नसला तर घट्ट उशी घ्या. खोली कळली नाही तरी गती हातात बसते. मग होडीवरचा प्राणवायूचा सिलिंडर तपासावा. काटा कुठे आहे, मुखवटा जोडलेला आहे का, आणि चावी सिलिंडरलाच बांधली आहे की तांडेलाच्या खिशात घरी गेली आहे?