शब्दकोड्यांतील ग्रंथकार आणि नट

मालवणच्या एखाद्या घरीं रविवारीं सकाळीं पडवींत वर्तमानपत्रांतील शब्दकोडें पुढ्यांत घेतलें, कीं फळें, नद्या, पक्षी यांचीं नांवें भराभर बसतात. अडतें तें ग्रंथकार आणि नट यांच्यापाशीं. नांव ओठांवर असतें, पण चौकटींत मावत नाहीं. असें कां व्हावें?

या खेळाचा जन्म इंग्रजींतला. आर्थर विन यानें २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रांत तो प्रथम छापला. तेथें एका घरांत एक वर्ण बसतो; मराठींत मात्र कानामात्रा व जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर बसतें. म्हणून ‘वस्त्रहरण’ या नांवास पांच घरें पुरतात. ‘स्त्र’ हें एकच घर.

गंगाराम गवाणकर यांचें हें मालवणी नाटक १९८० सालीं रंगभूमीवर आलें. मालवण तालुक्यांतील रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनीं त्यांतील तात्या सरपंच असा गाजविला, कीं नाटकाचें नांव निघतांच मालवणकराच्या तोंडीं प्रथम कांबळीच येतात. परंतु संकेतांत ‘नाटककार’ असा शब्द असेल, तर तीन घरांचे कांबळी नव्हेत, पांच घरांचे गवाणकर हवेत.

याहून सूक्ष्म पेंच टोपणनांवांचा. ‘जोगवा’ या काव्यसंग्रहाचे कवि कोण, घरें पांच, असा संकेत असला, तर ‘खानोलकर’ पांचांत बसतें आणि ‘आरती प्रभू’ हेंहि पांचांतच. माणूस एकच, पण चिं. त्र्यं. खानोलकर यांनीं कादंबऱ्या व नाटकें स्वतःच्या नांवानें लिहिलीं आणि कविता ‘आरती प्रभू’ या नांवानें. १९५९ सालच्या ‘जोगवा’वर हेंच दुसरें नांव आहे. तरीहि घाई न करितां एखादा उभा शब्द आधीं सोडवावा. दोन्ही नांवांत एकाहि जागीं सारखें अक्षर नाहीं. म्हणून छेदणारें एकच अक्षर निवाडा करितें. तिसऱ्या घरांत ‘ती’ आली तर आरती प्रभू, ‘ल’ आला तर खानोलकर.

ऱ्हस्वदीर्घाचेंहि तसेंच. १९२० ते १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक असलेले वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ १९५९ सालीं निघाली, ती ऱ्हस्व ‘ति’नें. १९६२ नंतरच्या शुद्धलेखनांत असे अन्त्य इकार दीर्घ होतात. छेदणाऱ्या शब्दास कोणता इकार हवा, हें पाहूनच शेवटचें घर भरावें.

सारांश, पहिला मान आठवणीचा, पण अखेरचा शब्द छेदणाऱ्या अक्षराचा. आणि ज्या घरीं नाटक केवळ नटाच्या नांवानें ठाऊक होतें, त्या घरीं तें लिहिणाराचेंहि नांव या निमित्तानें घेतलें जातें. हा लाभ लहान नव्हे.