गाडी कमी चालली, पट्टा मात्र म्हातारा झाला

प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, धंतोली, रामदासपेठ. नागपूरच्या या वस्त्यांत कुठल्याही गल्लीत शिरा, कव्हर घातलेली एखादी जुनी आल्टो, झेन नाहीतर मारुती ८०० दिसतेच. मालक निवृत्त, मुलं पुण्याला किंवा परदेशात. गाडी भाजीला, दवाखान्याला आणि कधीमधी रामटेकला जाते. वीस वर्षं झाली तरी मीटर पन्नास हजारांच्या आसपास. मालकाला त्याचा अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण टायमिंग बेल्ट कधी बदलला असं विचारलं की उत्तर येतं, "पुस्तकात एक लाख किलोमीटर लिहिलंय, अजून कुठे झालेत!" सगळा घोळ या उत्तरात आहे.

आधी हा पट्टा करतो काय ते पाहू. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, पिस्टन त्याला फिरवतात. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट असतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. पिस्टन दाब देत वर येताना वॉल्व्ह मिटलेले हवेत. ही वेळ सांभाळतो तो रबराचा दातेरी पट्टा. कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दात असतात, म्हणून क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. पट्टा एक दात जरी सरकला तरी गाडी ओढत नाही, मिसिंग करते, पेट्रोल जास्त पिते. तुटला, तर कॅम जागीच थांबतो आणि पिस्टन मात्र धावतच राहतात. ज्या इंजिनात पिस्टन आणि उघडा वॉल्व्ह यांना एकाच जागेत यावं लागतं, तिथे ते आदळतात. वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो, आणि हेड खोलावं लागतं. डिझेलमध्ये हा धोका सर्वात मोठा, कारण तिथे हवा वीस-बावीस पट दाबली जाते आणि पिस्टनच्या माथ्यावर जागाच उरत नाही. १९९८च्या अखेरीस आलेली डिझेल इंडिका ज्यांनी चालवली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या पिढीला ही भीती नव्हती. त्यांच्या पेट्रोल इंजिनांत लोखंडी चेन होती. ती सैल झाली की खडखडायची, महिनोनमहिने आधी कळवायची. रबरी पट्टा मोटारीत आणला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीच्या ग्लास कंपनीने. हलका, स्वस्त, आवाज नाही, तेल लागत नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि हा पट्टा आपल्याकडे घरोघरी पोचला. त्याचा एकच दुर्गुण मला खरा वाटतो: तो न बोलता तुटतो.

आता नागपूरचं ऊन. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, ४५ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. इंजिनातलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास असतं ते वेगळंच. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची उष्णता तिथेच कोंडून राहते. दोन किलोमीटर जाऊन उन्हात उभी केलेली गाडी मीटरवर दोनच किलोमीटर दाखवते, पण रबराने दुपारभराची भट्टी सोसलेली असते. कूलरच्या पाइपचं रबर दोन उन्हाळ्यांत कसं कडक होतं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणूनच कंपन्या किलोमीटरसोबत वर्षंही सांगतात, आणि जे आधी भरेल ते धरायचं. गाडीनुसार आकडा बदलतो. आपल्या हवेत कमी चालणाऱ्या गाडीचा पट्टा पाच वर्षांनी बदलावा, मीटर काहीही म्हणो, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाट रोडच्या एका गॅरेजमध्ये हे काम जवळून पाहिलं. मिस्त्रींनी बाजूचं चाक काढलं, अल्टरनेटरचा बेल्ट सैल करून उतरवला, क्रँकची पुली खोलली, मग प्लॅस्टिकचं कव्हर. आत बारीक राखाडी धूळ. "काका, वरून चांगला दिसून राहिला, पण हे पाहा," म्हणत त्यांनी पट्टा उलटा धरला. पाठ आरशासारखी चकाकत होती, दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा. एका कडेला तेलाचा ओशटपणा होता, म्हणजे क्रँकचं सील गळत होतं. रबराला तेलासारखा वैरी नाही. चिरा दिसल्या हे नशीब, नव्या जातीच्या रबरात त्या दिसतही नाहीत, आतले काचतंतू मात्र थकलेले असतात.

खरी कसोटी पुढे. क्रँक आणि कॅम दोन्हींच्या पुल्यांवरच्या खुणा आपापल्या जागी आणायच्या, त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, मगच जुना पट्टा काढायचा. नवा चढवताना तो मुरगाळायचा नाही, पेचकसाने ढकलायचा नाही. टेन्शनर बसवून ताण दिला की पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, चालण्याच्याच दिशेने. खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या तर ठीक, नाहीतर सगळं परत. मिस्त्रींनी ते दोनदा केलं. सेल्फ मारून 'चालू झाली ना' म्हणणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नये.

पट्टा एकटा बदलणं ही खोटी काटकसर. मारुती ८००चा पट्टा स्वस्त, मजुरीच जड. म्हणून एकदा उघडलंच आहे तर टेन्शनर, असल्यास आयडलर, कॅम आणि क्रँकची ऑइल सील आणि वॉटर पंप सोबतच करावेत. टेन्शनरची बेअरिंग जाम झाली की नवा पट्टाही घासून तुटतो. पंप काही इंजिनांत याच पट्ट्यावर फिरतो, काहींत पट्ट्यामागे बसलेला असतो. तो सहा महिन्यांनी गळला तर तीच मजुरी पुन्हा. माल खात्रीच्या दुकानातून, बिलासह घ्यावा, कारण नामांकित डब्यात नकली माल सर्रास येतो. आणि खालचं कव्हर परत बसलं का ते स्वतः पाहावं. 'राहू द्या, फरक पडत नाही' म्हणून ते काढून टाकणारे आहेत, आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेच्या वाऱ्यात त्याने नक्कीच फरक पडतो.

पंधरा वर्षांनंतर गाडीची पुनर्नोंदणी करावी लागते. एप्रिल २०२२मध्ये त्याचं शुल्क पाच हजारांवर गेलं होतं. शुल्क भरून, रंग मारून लोक गाडी आरटीओत नेतात. तिथे दिवे, ब्रेक, धूर पाहतात. टायमिंगचं कव्हर कोणी उघडत नाही. एमएच ३१ क्रमांकाची जुनी गाडी विकत घेणाऱ्याने पट्ट्याचं बिल मागावं. बिल नसेल तर तो कधीच बदलला नाही असं धरून चालावं. काम झालं की तारीख आणि मीटरचा आकडा कव्हरवरच लिहून ठेवावा. के-सीरिजच्या मारुती, डिझेल स्विफ्ट यांत चेन आहे, त्यांच्या मालकांनी वेळेवर ऑइल बदललं की बहुतेक काम झालं.

आणि समृद्धी महामार्गावर, ताशी शंभराच्या वेगात इंजिन एकाएकी बंद पडलं तर? गाडी डावीकडे घेऊन उभी करा, माणसं कठड्यापलीकडे न्या. एकदा सेल्फ मारून ऐका. तो नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला तर पट्ट्याचा संशय घ्या. तेल भरायचं झाकण उघडून दुसऱ्याला अगदी क्षणभर सेल्फ मारायला सांगा. आत वॉल्व्ह दाबणारे रॉकर हलत नसतील तर संशय खरा. यापुढे सेल्फ नाही, धक्का स्टार्ट तर मुळीच नाही, कारण दर फेऱ्याला वाचलेला वॉल्व्हही वाकू शकतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मदत मागवा आणि टोचन करूनच गॅरेजला न्या.