मूल वाचू लागले का?

स्वयंसेवी संस्थांच्या वार्षिक अहवालांत बहुतेक वेळा केलेल्या कामाची मोजदाद असते. किती कार्यशाळा घेतल्या, किती पुस्तके वाटली, किती गावांपर्यंत काम पोहोचले, याचे आकडे त्यात मांडलेले असतात. देणगीच्या पैशाचा हिशेब देण्यासाठी ही मोजदाद आवश्यकच आहे, परंतु ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्या आयुष्यात काय बदलले, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. म्हणून मूल्यमापनाचे अभ्यासक तीन गोष्टी वेगळ्या करतात. वाटलेली पुस्तके ही ‘कृती’, मूल वाचू लागले हे ‘फलित’, आणि संस्था तेथे गेली नसती तरीही जी सुधारणा झाली असती ती वजा करून उरतो तो ‘प्रभाव’. व्यापारात निकृष्ट मालाकडे गिऱ्हाईक पाठ फिरवते आणि दुकानदाराला आपली चूक लगेच कळते. सेवाकार्यात पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा असल्यामुळे निरुपयोगी ठरलेला उपक्रमही वर्षानुवर्षे सन्मानाने चालू राहू शकतो. ही उणीव भरून काढण्याचे काम मोजमापाला करावे लागते.

1995 मध्ये मुंबईतील वस्त्यांमधून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या अनेक मुलांना साधा मजकूरही वाचता येत नाही, हे लक्षात आल्यावर या संस्थेने एका कागदावर मावणारी वाचनचाचणी वापरात आणली, ज्यात अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे टप्पे असतात. प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे वाचायला सांगितले जाते आणि ते ज्या टप्प्यापर्यंत सहज पोहोचते ती त्याची पातळी धरली जाते. ही चाचणी गावातील स्वयंसेवकाला घेता येते, निरक्षर आईलाही आपले मूल कोठे अडले हे समोर बसून समजते, आणि उद्या या मुलाला कोणत्या गटात बसवून काय शिकवायचे हे तिच्यावरून ठरवता येते. जी माहिती गोळा करणाऱ्याच्या स्वतःच्या कामी येत नाही ती हळूहळू निष्काळजीपणे भरली जाऊ लागते. त्यामुळे मोजमापाच्या साधनाचा हा साधेपणा त्याच्या अचूकतेइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

फलित मोजल्यावरही प्रभावाचा प्रश्न उरतो, कारण वर्षभरात मुले वाढतात, शाळेतही थोडेफार शिकतात, आणि त्या सगळ्याचे श्रेय संस्थेने घेणे योग्य नाही. यासाठी तुलनागट लागतो, म्हणजे उपक्रम न मिळालेला, पण इतर बाबतींत सारखा असा समूह. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच तरुणीने शाळेच्या वेळात वेगळे शिकवण्याच्या ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ उपक्रमाची अशी चाचणी 2001 पासून वडोदरा आणि मुंबई येथे झाली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ या अभ्यासात सहभागी होते. वडोदऱ्यात शाळांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाचीही पसंती न ठेवता करण्यात आली. काही शाळांत तिसरीला बालसखी मिळाली, उरलेल्या शाळांत चौथीला, आणि पुढच्या वर्षी ही अदलाबदल झाली. त्यामुळे एकही शाळा वंचित राहिली नाही आणि तरीही प्रत्येक इयत्तेला तुलना उपलब्ध झाली. चाचणीत गुणांची वाढ दिसली, आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला.

यशाच्या या नोंदीपेक्षा उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्याचा अनुभव अधिक शिकवणारा आहे. तेथील 280 गावांत 2005-06 च्या सुमारास ‘प्रथम’च्या सहभागाने झालेल्या अभ्यासामागे एक सर्वमान्य धारणा होती, ती अशी की पालकांना शाळेची खरी स्थिती आणि ग्राम शिक्षण समितीचे अधिकार कळले, तर ते शाळेवर दबाव आणतील आणि शिक्षण सुधारेल. काही गावांत समितीची माहिती देणाऱ्या सभा झाल्या. काही गावांत सभांच्या जोडीला ग्रामस्थांकडून मुलांची वाचनचाचणी घेऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार करण्यात आले. तिसऱ्या प्रकारच्या गावांत याशिवाय स्थानिक स्वयंसेवकांना वाचनवर्ग चालवण्याचे प्रशिक्षण मिळाले. सभा झाल्या, लोक आले, चर्चा झाली. कृतीच्या आकड्यांवर थांबले असते तर हा उपक्रम यशस्वीच ठरला असता. प्रत्यक्षात पहिल्या दोन प्रकारांचा ना शाळेवर परिणाम झाला, ना मुलांच्या वाचनावर. वाचनवर्गांना आलेली मुले मात्र खरोखर शिकली, पण शाळा सुटल्यावर भरणाऱ्या त्या वर्गांना गावातील 10 टक्के मुलेही आली नाहीत.

हा निकाल झाकून ठेवण्यात आला नाही, तो प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या रचनेचा आधार ठरला. मुलाच्या पातळीनुसार शिकवण्याची पद्धत बरोबर आहे, पण ती मुलांपर्यंत पोहोचत नाही, असे निदान झाल्यामुळे शाळेच्या आत शिरण्याचे मार्ग शोधले गेले. बिहारमध्ये उन्हाळी वर्गांत सरकारी शिक्षकांनीच ही पद्धत वापरली तेव्हा मुले पुढे गेली. तेच शिक्षक शाळेच्या नियमित दिवसांत केवळ प्रशिक्षण आणि साहित्य मिळाल्यावर मात्र अभ्यासक्रम संपवण्याच्या ओझ्याखाली जुन्याच पद्धतीने शिकवत राहिले. उत्तर प्रदेशात 2013-14 मध्ये शाळेच्या वेळात, शाळेतच, 10 किंवा 20 दिवसांची शिबिरे काही अंतराने घेण्यात आली, आणि परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण तुलनागटाच्या जवळपास दुप्पट झाले. पहिल्या चाचणीपासून येथवर येण्यास एक तपाहून अधिक काळ लागला, हे एका वर्षात ‘प्रभाव’ मागणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

मोजमापाचे धोकेही खरे आहेत. आकड्यावर निधी किंवा नोकरी अवलंबून ठेवली की आकडा सुधारतो आणि काम तसेच राहते. शिवाय प्रामाणिक मोजणी सुरुवातीला परिस्थिती अधिक वाईट दाखवते. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांचे मृत्यू नोंदवताना गावातील कार्यकर्त्याच्या नोंदीवर न थांबता दर सहा महिन्यांनी घरोघरी पुन्हा पाहणी केली, जेणेकरून जन्मताच दगावलेले आणि कोठेही न नोंदलेले मूलही हिशेबात यावे. 39 गावांत घरीच दिलेल्या नवजात सेवेमुळे हे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा जगाने त्यावर विश्वास ठेवला, याचे मोठे कारण या काटेकोर नोंदणीत आणि 47 गावांच्या तुलनागटात आहे.

प्रत्येक लहान संस्थेने असे संशोधन करावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. चार-पाच कार्यकर्त्यांच्या संस्थेने इतरत्र सिद्ध झालेली पद्धत स्वीकारावी, आपल्याकडे ती नीट पाळली जाते का आणि सर्वांत दुर्बल माणूस तिच्यापर्यंत पोहोचतो का, एवढे दोन प्रश्न महिन्यागणिक तपासावेत, आणि ज्यांची माहिती घेतली त्यांच्यापुढे निष्कर्ष मांडावेत. मात्र त्यासाठी लागणारा वेळ आणि पगार देणगीदारांनी प्रशासकीय खर्च म्हणून कापून टाकू नये, आणि अपयशाची नोंद असलेला अहवाल पाठवणाऱ्या संस्थेचा पुढील हप्ता त्या कारणाने थांबवू नये. एरवी त्यांच्याकडे फक्त कार्यशाळांचे आकडे येत राहतील.