छायाचित्रातील माणूस

मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या अनेक कुटुंबांना आपल्या पूर्वजाचे जे सर्वांत जुने छायाचित्र मिळते, ते कोणी हौसेने काढवून घेतलेले नसते. कराराची मुदत संपलेल्या मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगला पाहिजे, असा निर्बंध १८६७ च्या कायद्याने घातला. मळ्याबाहेर आढळलेला माणूस कोण, हे शिपायाला तत्काळ ओळखता यावे, हाच त्यामागील हेतू. सरकारी नोंदवह्यांत मजुराचा क्रमांक, वय, उंची आणि अंगावरील खुणा टिपलेल्या असत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर आज जतन केलेले आहे, आणि मुंबई बंदरातून आलेल्या मराठी मजुरांचे वंशजही तेथे आपले मूळ शोधावयास जातात. छायाचित्रांतील ते चेहरे पाहताना एक गोष्ट मनाला लागून राहते : आपण कसे दिसावे, हे त्या माणसांना कोणीही विचारलेले नव्हते.

पाहणाऱ्याच्या सोयीसाठी काढलेले छायाचित्र आणि ज्याचे ते आहे त्याच्या सन्मानासाठी काढलेले छायाचित्र, यांत केवढे अंतर असते, हे ज्यांच्या पूर्वजांनी अनुभवले त्यांना निराळे सांगावयास नको. अपंगत्वासह जीवन जगणाऱ्या माणसांच्या वाट्याला मात्र फार काळ पहिल्याच प्रकारचे छायाचित्र आले. वैद्यकाच्या ग्रंथांत त्यांची शरीरे छापली गेली, ती रोगाचा नमुना म्हणून. धर्मादाय निधीच्या आवाहनांत त्यांचे चेहरे झळकले, ते पाहणाऱ्याला दयेचा पाझर फुटावा म्हणून. दोन्ही ठिकाणी व्यंग दिसले. माणूस दिसला नाही.

ही रीत पालटण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत अमेरिकेतील रिक ग्विदोत्ती यांचा प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहे. वेषभूषेच्या नियतकालिकांसाठी सौंदर्यवतींची छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. न्यूयॉर्कमध्ये एके दिवशी त्यांना जन्मतःच वर्णहीन त्वचेची एक मुलगी दिसली, आणि तिच्यासारख्यांची माहिती मिळविण्यासाठी त्यांनी वैद्यकाची पुस्तके उघडली. तेथे डोळ्यांवर काळी पट्टी ओढलेली, उदासवाणी चित्रेच त्यांच्या दृष्टीस पडली. तेव्हा अशा व्यक्तींची प्रसन्न, डौलदार छायाचित्रे काढण्याचे त्यांनी मनावर घेतले. १९९८ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकामुळे विख्यात झालेल्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली, आणि त्यातूनच ‘पॉझिटिव्ह एक्स्पोजर’ ही संस्था उभी राहिली.

तथापि छायाचित्रकाराचा हेतू शुद्ध असला म्हणजे सर्व प्रश्न मिटतात, असे मात्र नाही. जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरील गावी एका रासायनिक कारखान्याचा पारा समुद्रात जाऊन मासळीत उतरला आणि त्या मासळीवाटे माणसांच्या मज्जासंस्थेत शिरला. हा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. १९७१ पासून युजीन स्मिथ व त्यांच्या पत्नी एलीन यांनी तेथे राहून रोगग्रस्तांची छायाचित्रे काढली. आईने आपल्या पंगू मुलीला स्नान घालतानाचे चित्र जगभर गाजले, आणि त्याने कारखान्याविरुद्ध लोकमत जागे केले. पुढे मुलगी मरण पावली. चित्र मात्र सर्वत्र छापले जात राहिले. आता तिला विश्रांती मिळावी, अशी आईबापांची इच्छा झाली. १९९८ मध्ये एलीन यांनी ते चित्र नव्याने प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. जगाला जागे करणाऱ्या चित्रापेक्षाही ज्याचे चित्र, त्याच्या घरच्यांचा शब्द मोठा, हे त्यांनी मान्य केले.

याहून एक पाऊल पुढचा प्रयोग मुंबईत झाला. एव्हगेन बावचर हे स्लोव्हेनियात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले छायाचित्रकार. बालपणीच दोन अपघातांत त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यांच्या कामाने प्रेरित होऊन पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये मुंबईतील ताडदेव येथील व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेत छायाचित्रण शिकविण्यास प्रारंभ केला. ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ या नावाने हा उपक्रम ओळखला जातो.

आंधळ्याने छायाचित्र काढावे कसे, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर मोठे विचार करावयास लावणारे आहे. समोरच्या माणसाच्या बोलण्यावरून तो कोठे आहे व किती उंच आहे, हे कळते. हाताने चाचपून वस्तूचा आकार व अंतर जोखता येते. कोणत्या गालाला ऊन लागते, यावरून प्रकाशाची दिशा उमगते. ज्यांची दृष्टी जन्मानंतर गेली, त्यांच्या पाठीशी पूर्वी पाहिलेल्या रंगांची आठवण असते. कळ दाबल्यावर डोळस सोबती ते चित्र शब्दांत वर्णन करून सांगतो, आणि छायाचित्रकार ते वर्णन आपल्या मनातील चित्राशी ताडून पाहतो. प्रदर्शनांत बोटांनी वाचता येतील अशी उठावाची चित्रे, ब्रेल लिपीतील मजकूर व ध्वनिमुद्रित वर्णने ठेवण्यात आली, जेणेकरून अंध प्रेक्षकही रसिक म्हणून तेथे यावा. ज्याच्याकडे आजवर जग पाहत आले, तोच येथे जगाकडे पाहतो, आणि डोळसांना त्याच्या नजरेने पाहावयास शिकवितो.

इंग्लंडचे जाइल्स डुली यांची कथाही याच जातीची. २०११ मध्ये अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय व डावा हात गेला. पुढच्याच वर्षी ते तेथे परतले, आणि युद्धात जायबंदी झालेल्या सामान्य नागरिकांची छायाचित्रे त्यांनी उरलेल्या एका हाताने काढली.

ज्या वर्षी मुंबईतील उपक्रम सुरू झाला, त्याच २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. मॉरिशसने त्यास २०१० मध्ये मान्यता दिली. त्याचे आठवे कलम समाजात जागृती करण्याविषयी आणि अपंगांसंबंधीचे रूढ गैरसमज दूर करण्याविषयी आहे. परंतु कलमे कागदावर राहतात. गैरसमज घराघरांत राहतात. लग्नाच्या मांडवात सर्व गोतावळा छायाचित्रासाठी उभा राहतो, तेव्हा न चालणारी आत्या किंवा न बोलणारा पुतण्या आतल्या खोलीत राहतो, हे कोणत्या घरी घडत नाही? त्यांना बाजूला ठेवणारी माणसे निर्दय नसतात. तसे करण्याची त्यांना केवळ सवय झालेली असते. पन्नास वर्षांनी नातवंडे ते चित्र पाहतील, तेव्हा आत्या त्यांच्या लेखी कधी नव्हतीच.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत, हळदीकुंकवात, मंडळाच्या वार्षिक संमेलनात हे सहज पालटता येईल. आधी त्या व्यक्तीची संमती विचारावी. कोठे व कसे बसावयाचे, ते तिला ठरवू द्यावे. आणि चित्राखाली इतरांप्रमाणेच तिचेही पूर्ण नाव छापावे. तिची इच्छा असेल तर कॅमेराच तिच्या हाती द्यावा. परवान्यावरील मजुराला यांतले काहीच मिळाले नव्हते. त्याच्या वंशजांनी ते दुसऱ्याला नाकारू नये, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता यावयाची नाही.