पंख हवेला खाली लोटतो

चिकलठाणा विमानतळाकडे निघालेले विमान देवगाव रंगारीच्या आमच्या अंगणातून दिसताच भाच्याने, "मामा, एवढे जड धूड वर राहते कसे?" असा सवाल केला.

ओठांशी धरून लोंबत सोडलेल्या कागदाच्या पाठीवरून फुंकर घालताच तो उचलला जातो. कारण त्याच्या बाकावरून वाहणारी हवा खाली वळते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार कागदाला वर लोटते. विमानाच्या पंखाचेही तेच.

हे हाताने अनुभवावे, म्हणून स्पर्शास मज्जाव नसलेले, १९८५ साली उघडलेले वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र मुलांना अगत्याने दाखवावे. जवळ, जिल्ह्याच्या ठिकाणी, एमजीएम शिक्षणसंस्थेच्या आवारात अब्दुल कलामांच्या नावाचे अंतराळ विज्ञान केंद्र आहेच.

आपल्या मुलांचे असले सवाल अवश्य कळवा. यथामती उत्तर देईन.