चिखलातली जीप इतकी का तापते?

डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने तासन् तास धावणारी जीप पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडीवाटेला लागली, की माणसाच्या चालीने जेमतेम पुढे सरकते. आणि तरीही थोड्याच वेळात तिचा तापमानाचा काटा लाल खुणेकडे झुकू लागतो. माणूस पळताना घामाघूम होतो, रमतगमत चालताना नाही. मग गाडीच्या बाबतीत हे उलट का व्हावे? उत्तरासाठी शाळेतली भौतिकी पुरेशी आहे. आकडेमोड मात्र करावी लागेल. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

प्रथम इंजिनाला किती काम पडते ते पाहू. माणसांसह जीपचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम धरू, म्हणजे वजन सुमारे १४,७०० न्यूटन. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांना होणारा विरोध वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे २२० न्यूटन असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध साधारण तेवढाच. एकूण ४५० न्यूटन धरा. वेग सेकंदाला १६.७ मीटर, बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, ती आली साडेसात किलोवॉट.

चिखलात चाक नुसते गडगडत नाही. ते चिखल दाबत, बाजूला सारत, खणत पुढे जाते. तिथे विरोध वजनाच्या वीस टक्क्यांवर सहज जातो. म्हणजे २,९४० न्यूटन! ताशी ६ किलोमीटर वेगाला याची शक्ती भरते जवळजवळ ५ किलोवॉट. ही तर रस्त्यापेक्षा कमीच झाली, असे तुम्ही म्हणाल. पण यात घसरणीचा हिशेब अजून आलेला नाही. चिखलात चाकाचा घेर ताशी १२ किलोमीटर वेगाने फिरावा आणि गाडी ६ नेच पुढे जावी, हे नेहमीचेच. अशा वेळी निम्मे काम नुसता चिखल घुसळण्यात जाते. म्हणून इंजिनाला १० किलोवॉट द्यावे लागतात. आणि गाडी पुरती रुतली, चाके जागीच फिरू लागली, की सगळेच काम घुसळण्याचे!

आता उष्णता. पेट्रोल जळून मिळालेल्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन सारखे वाटे होतात. एक चाकांकडे जातो, एक तप्त वायूंबरोबर धूर जाण्याच्या नळीतून बाहेर पडतो आणि एक इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. म्हणजे चाकांना १० किलोवॉट द्यायचे, तर पाण्यातही सुमारे १० किलोवॉट उतरणार. पाणी तापवायच्या, एकेक किलोवॉटच्या दहा विजेच्या कांड्या एकदम लावाव्यात तसे हे झाले. पाणी १० लिटर असेल आणि ते निववण्याची काहीच सोय नसेल, तर ८५ अंश सेल्सिअसचे पाणी साधारण मिनिटभरात १०० अंशांवर पोचेल. इंजिनाचे लोखंडही बरोबरीने तापत असल्यामुळे आणखी एक-दोन मिनिटे मिळतात, इतकेच.

हे पाणी निववण्याचे काम रेडिएटरचे. खरे तर हे नाव फसवे आहे. रेडिएशन म्हणजे प्रारण. पण ९० अंशांच्या रेडिएटरच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांतून प्रारणाने जेमतेम शंभर-दोनशे वॉट बाहेर पडतात. बाकीची सगळी उष्णता त्याच्या जाळीतून वाहणारी हवा उचलून नेते. किती हवा लागेल? एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवायला सुमारे १ किलोज्यूल लागतो. ती ३० अंशांना आत शिरून ६० अंशांना बाहेर पडली, तर ३० किलोज्यूल घेऊन जाते. म्हणजे सेकंदाला एक तृतीयांश किलोग्रॅम, अर्थात सुमारे ३०० लिटर हवा जाळीतून जायला हवी.

रेडिएटरचे तोंड ४५ सेंटिमीटर लांब-रुंद समजा. क्षेत्रफळ झाले ०.२ चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाला त्याच्या समोर सेकंदाला ३,३०० लिटर हवा येते. जाळीच्या अडथळ्यामुळे तिच्यातली चौथाई आत शिरली तरी भागते. ताशी ६ किलोमीटरला समोर येते ३३० लिटर आणि आत शिरते त्याच्या चौथाईने, म्हणजे ८० लिटर. पळणाऱ्या गाडीला वारा फुकट मिळतो, रांगणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. आपल्या कोड्याचे मुख्य उत्तर हेच.

म्हणून जाळीमागे पंखा असतो. जुन्या जीपमध्ये तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जितके जलद, तितका पंखा जलद. चिखलात जाणता ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो तो चाकांचा जोर वाढावा म्हणून. पण त्यामुळे गाडी हळू जात असतानाही इंजिन, पंखा आणि पाण्याचा पंप जोमाने फिरत राहतात, हा दुसरा लाभ. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत चालवले, तर उष्णता भरपूर आणि वारा नाही, अशी स्थिती होते.

एवढे करूनही चिखल हात धुऊन मागे लागतोच. जाळीतल्या पातळ पत्र्यांमधली फट दीड-दोन मिलिमीटरची. चाकांनी उडवलेला चिखल तिच्यात बसतो. काळी माती तर भलतीच चिकट. तिच्यातले चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि धातूला घट्ट धरतात. गंमत अशी, की चिखल ओला असतो तोवर तो थोडी मदतच करतो. त्यातल्या पाण्याची वाफ होताना एका किलोग्रॅममागे सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. जाळीवरच्या चिखलात अर्धा किलो पाणी असेल, तर इंजिनाची जवळजवळ दोन मिनिटांची उष्णता ते घेऊन जाईल. काटा खाली राहतो, ड्रायव्हर निर्धास्त होतो. मग तोच चिखल विटेसारखा भाजून निघतो आणि फटी बुजतात. गाडी कित्येकदा चिखलात नव्हे, तर चिखलातून बाहेर पडून रस्त्याला लागल्यावर तापते, ती यामुळे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काटा वर गेला, की पुष्कळांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे जातो. तसे कधीही करू नका! हे झाकण प्रेशर कुकरसारखे घट्ट बसते आणि दाब धरून ठेवते. हवेच्या दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंशांना उकळते. त्यामुळे आतले पाणी ११० अंशांवर असूनही शांत राहू शकते. झाकण उघडताच दाब उतरतो. १० लिटर पाण्यातली वरच्या १० अंशांची उष्णता म्हणजे ४२० किलोज्यूल. तिने तत्क्षणी सुमारे १८५ ग्रॅम पाण्याची वाफ होते. १०० अंशांना या वाफेला ३०० लिटर जागा लागते. ती उकळते पाणी बरोबर घेऊन त्या लहानशा तोंडातून उसळते आणि वाकून पाहणाऱ्याचा चेहरा नेमका तिच्या वाटेत असतो.

मग करावे काय? पाणी गळत नसेल, वाफ दिसत नसेल आणि पंखा चालू असेल, तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे जलद फिरू द्यावे. इंजिन एकदम बंद केले तर पंप थांबतो आणि तापलेल्या लोखंडाची उष्णता जवळच्या पाण्याला आणखी तापवते. वाफ येऊ लागली असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे आणि दूर थांबावे. सगळे पुरते निवल्यावरच, जाड फडके घेऊन, झाकण हळूहळू सोडावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. लोखंड एकीकडे आकसते, दुसरीकडे आकसत नाही आणि त्याला तडा जाऊ शकतो.

जाळी धुताना पाणी मागून, इंजिनाच्या बाजूने पुढे सोडावे. चिखल समोरून आत घुसलेला असतो. समोरूनच जोराची धार मारली तर तो आणखी खोल रुततो आणि पातळ पत्रे वाकून फटी कायमच्या मिटतात. मुद्दाम चिखलात चालवायच्या काही गाड्यांमध्ये तर रेडिएटर समोरून काढून उंचावर, चिखलाचे शिंतोडे पोचणार नाहीत अशा जागी बसवतात आणि त्याला विजेवर चालणारा स्वतंत्र पंखा देतात.